मुकी वर्षं

आमच्या घरात चिखलावरून भांडण झालं आणि ते एकतीस वर्षं चाललं. लोकांकडे जमिनीवरून होतं, दागिन्यांवरून होतं, निदान चारचौघांत सांगता येईल असं काहीतरी कारण असतं. आमच्याकडे तळ्याच्या बुडातून काढलेल्या हातभर चिखलात किती वर्षं आहेत, चारशे बारा की चारशे अडतीस, यावरून माझी आई आणि माझी आत्या एकमेकींचं तोंड बघेनाशा झाल्या. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. आज बेचाळीसची आहे, त्याच चिखलाच्या भांडाराची प्रमुख आहे, आणि ते भांडण कसं मिटलं असं कुणी विचारलं तर मला नीट उत्तर देता येत नाही.

भांडार हा कागदावरचा शब्द. आम्ही सगळे त्याला चिखलघर म्हणतो. संशोधन संस्थेच्या जुन्या इमारतीच्या तळघरात त्याच्या दोन खोल्या होत्या. आतली थंडगार, तिथे भर उन्हाळ्यातही स्वेटर घालून जावं लागायचं. तिथे फळ्यांवर लांबट पेट्यांमध्ये चिखलाचे दांडे ठेवलेले असायचे. तळ्याच्या तळाशी पोकळ नळी खुपसून वर ओढली की आत असा दांडा येतो. तो उभा चिरायचा, एक फाक कामाला घ्यायची आणि दुसरी गुंडाळून ठेवून द्यायची. बाहेरच्या खोलीत लांबलचक टेबल, दिवे, भिंगं, पाण्याचे फवारे आणि डबेच्या डबे टाचण्या. माझं निम्मं बालपण त्या टेबलाखाली गेलं. शाळा सुटली की मी सरळ तिथेच यायचे, कारण घरी कुणी नसायचं. आई आणि आत्या दोघी इथे, आणि बाबा त्यांच्या छापखान्यात.

त्या दोघी मोजणीला होत्या. काय मोजायच्या ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गेल्या पंचवीस-सव्वीस लाख वर्षांत बर्फ कितीतरी वेळा डोंगरांवरून खाली उतरला आणि कितीतरी वेळा मागे हटला. बर्फाच्या पायथ्याशी तळी असतात. उन्हाळ्यात बर्फ वितळतो, गढूळ पाणी तळ्यात येतं आणि त्यातली रेती-माती खाली बसते, तो फिकट थर. हिवाळ्यात तळं गोठतं, वरून काही येत नाही, आणि पाण्यात तरंगत राहिलेला बारीक गाळ सावकाश खाली बसतो, तो काळा थर. एक फिकट, एक काळा, झालं एक वर्ष. अशी हजारो वर्षं एकावर एक बसलेली असतात आणि ती डोळ्यांना दिसतात. फक्त मोजणारा माणूस हवा, आणि तो घाईचा नको.

मोजणी नेहमी जोडीनं व्हायची. एकीनं वरून खाली मोजायचं, दुसरीनं खालून वर. दर दहा थरांना पांढऱ्या डोक्याची टाचणी, दर शंभराला लाल. मोजताना बोलायचं नाही. संपलं की आपापला आकडा चिठ्ठीवर लिहून घडी घालायची आणि चिखलघराच्या साहेबांच्या टेबलावर ठेवायची. साहेब दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायचे. आणखी एक नियम होता, आणि तो सगळ्यांत कडक. चिठ्ठी उघडेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही तळ्याच्या रजिस्टरला हात लावायचा नाही. आकडा आधी कळला की डोळा तोच आकडा शोधायला लागतो, असं साहेबांचं म्हणणं होतं. आज मीसुद्धा नव्या माणसांना हेच सांगते.

अकरा वर्षांत आई आणि आत्या यांच्या आकड्यांत तीनच्या वर फरक कधी पडला नाही. नणंद-भावजयीचं इतकं जमतं कसं, याचंच संस्थेत जास्त कौतुक. आत्या आईपेक्षा नऊ वर्षांनी लहान, लग्न न झालेली, आमच्याच घरी राहणारी. तिची नजर एवढी तीक्ष्ण की सगळे तिला भिंग म्हणायचे. आई सावकाश मोजणारी, पण तिच्या टाचण्या दोऱ्यात ओवल्यासारख्या सरळ रेषेत असायच्या. मोजायची खोड दोघींच्या हाडीमासी खिळली होती. कुणाच्या लग्नाला गेलो की दोघी मांडवाच्या दोन टोकांना उभ्या राहून पाहुणे मोजत मोजत मध्ये भेटायच्या, आणि आकडा जुळला की एकमेकींना टाळी द्यायच्या. बाबा कपाळाला हात लावायचे. राग आला की आई तिला ‘वन्सं’ म्हणायची, एरवी नुसतं ‘अगं’.

मला आत्या ढेकूळ म्हणायची. ‘ए ढेकळा’ अशी हाक आली की मी टेबलाखालून बाहेर यायचे. जेवणाच्या सुट्टीत ती मला जिन्याखालच्या काचेच्या कपाटापाशी न्यायची. तिथे जुन्या माणसांच्या कवट्यांचे साचे मांडलेले होते आणि आत्यानं त्या सगळ्यांशी नाती जोडली होती. हे खापरपणजोबांचे खापरपणजोबा, कपाळ नाहीच म्हटलं तरी चालेल. हे आपलं सख्खं घराणं. आणि हे जाड भुवयांचे, ही आपली चुलत मंडळी, अंगापिंडानं आडदांड, थंडीला न भिणारी. आई मागून यायची आणि पोरीला काहीबाही शिकवू नकोस म्हणून तिचे कान उपटायची. चुलत मंडळींचा वंश संपला आणि त्यांचं रक्त आपल्यात मिसळलेलं नाही, असं तेव्हा पुस्तकात लिहिलेलं होतं. आईचा पुस्तकावर पूर्ण विश्वास.

“हजारो वर्षं शेजार, आणि एक सोयरीक झाली नाही?” आत्या म्हणायची. “माणसं होती की दगड, वहिनी?”

सोयरीक झाली होती. पुढे हाडांमधून ते सिद्ध झालं, जगभर बातम्या आल्या. मी तेव्हा नोकरीत नवीन होते. बातमी वाचून पहिल्यांदा काय वाटलं असेल, तर आत्याला फोन करावा. पण तिचा नंबर आमच्या घरात कुठेच लिहिलेला नव्हता, आणि बाबांना विचारायचा मला धीर झाला नाही.

ज्या दांड्यावरून सगळं बिनसलं तो वरच्या तळ्याचा होता. शेवटचं हिमयुग संपत आलं होतं तेव्हाचा. त्या दांड्यात दोन ठिकाणी ज्वालामुखीच्या राखेची बारीक रेघ आहे, आणि त्या दोन रेघांच्या मधली वर्षं मोजायची होती. त्यात मध्येच काही थरांत कोळशाचे कण होते. म्हणजे तळ्याच्या काठी उन्हाळ्यात कुणीतरी चूल पेटवत होतं. आत्यानं लगेच तिला नाव देऊन टाकलं, चुलीवाली. मग एक राखाडी पट्टा, अंगठ्याएवढा, त्यात थर नाहीत आणि कोळसाही नाही. पट्ट्याच्या वर पुन्हा थर, पुन्हा कोळसा. चुलीवाली उठून गेली आणि परत आली, असं आत्या मला टेबलाखाली वाकून सांगायची. किती वर्षांनी आली, ते मात्र त्या पट्ट्यावर अवलंबून होतं.

मोजणीवाल्यांचा एक शब्द आहे, मुकी वर्षं. थंडी इतकी वाढते की तळ्यावरचा बर्फ उन्हाळ्यातही फुटत नाही. बाहेरून पाणी येत नाही, रेती येत नाही, फिकट थर बसतच नाही. वर्ष येतं आणि जातं, आणि चिखलात त्याची खूण राहत नाही. अशी वर्षं मोजायची कशी? नियमात लिहिलेलं होतं की दिसतील तेवढेच थर मोजा. आईनं तो पट्टा म्हणजे एकाच हिवाळ्याचा जाड थर धरला आणि तिचा आकडा चारशे बारा झाला. आत्याचाही पहिला आकडा तोच होता. पण तिचं मन खात होतं. एका वाईट हिवाळ्यासाठी कुणी बसलेली जागा सोडत नाही, असं ती दोन दिवस पुटपुटत होती. चिठ्ठ्या अजून टाकायच्या होत्या. तिनं साहेबांचं कपाट उघडलं आणि खालच्या तळ्याचं रजिस्टर पाहिलं. ते तळं सखल भागात, उन्हातलं, कधी मुकं न होणारं. त्यातही त्याच राखेच्या दोन रेघा होत्या, म्हणजे मधला काळही तोच, आणि मध्ये वर्षं होती चारशे अडतीस.

त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात आत्यानं हे आपणहून आईला सांगितलं. मी तिथेच ओट्याला टेकून गणितं सोडवत होते. वहिनी, सव्वीस मुकी वर्षं आहेत गं त्यात, उद्या तू पुन्हा एकदा बघ पट्ट्याकडे, असं ती म्हणाली. चोरी केली हे तिला कळत होतं, तेही तिनं सांगितलं, आणि हसली. दुसऱ्या दिवशी आईनं खरंच पट्ट्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग उठून साहेबांच्या खोलीत गेली आणि आत्यानं दुसरं रजिस्टर पाहिल्याचं सांगून आली.

साहेब नियमाचे पक्के. आत्याला मोजणीच्या टेबलावरून उठवलं आणि बाटल्या धुवायच्या खोलीत पाठवलं. त्या दांड्याच्या रजिस्टरमध्ये चारशे बारा हा आकडा चढला आणि मोजणाऱ्याच्या रकान्यात एकट्या आईचं नाव. आठवड्याच्या आत आत्यानं नोकरी सोडली, आणि नोकरीबरोबर आमचं घरही. जाताना तिनं मला पोटाशी धरलं, आईकडे पाहिलं नाही. पुढे दूरच्या उपनगरात एका शाळेत ती शिकवायला लागली, तिथल्याच चित्रकलेच्या मास्तरांशी तिनं लग्न केलं. बाबा अधूनमधून एकटेच जाऊन भेटून यायचे आणि घरी येऊन मूग गिळून बसायचे. आईसमोर आत्याचं नाव काढायची सोय नव्हती. मी आईवर किती वर्षं रागावून होते ते आता मोजत नाही, पण होते. मला आत्या हवी होती. शाळेतून आल्यावर ‘ए ढेकळा’ असं कुणी म्हणायला हवं होतं. चार वर्षांपूर्वी बाबा गेले तेव्हा आत्या आली, दारापाशी उभी राहिली, डोळे पुसले आणि कुणाशी न बोलता गेली.

गेल्या वर्षी चिखलघर नव्या इमारतीत हलवायचं ठरलं आणि प्रत्येक पेटीची फेरतपासणी माझ्याकडे आली. वरच्या तळ्याची पेटी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. आता आमच्याकडे चांगली यंत्रं आहेत. चिखलाचे कागदाहून पातळ काप काढून मोठे करून बघता येतात, त्यात अडकलेल्या पानाच्या तुकड्याचं वय काढता येतं. शिवाय मधल्या काळात तिसऱ्या एका तळ्याचा दांडा मिळाला होता, त्यातही त्याच दोन रेघा. मी आणि माझी सहकारी, आम्ही नियमाप्रमाणे दोन टोकांकडून मोजलं, चिठ्ठ्या टाकल्या. तिसऱ्या तळ्यात चारशे सदतीस वर्षं भरली. एक-दोनचा फरक आम्ही धरत नाही. राखाडी पट्ट्यात सव्वीस मुकी वर्षं होती. आत्यानं रजिस्टर चोरून पाहिलं होतं, पण तिला संशय आला तो रजिस्टर पाहायच्या आधी, आणि तो खरा होता.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती खिडकीशी बसून बटणांचा डबा निवडत होती, एका आकाराची एका वाटीत. दृष्टी आता अधू झाली आहे, पण बोटांनी बरोबर निवडते. मला वाटलं होतं ती नियम काढेल, यंत्रांना नावं ठेवेल. मी वाद घालायची तयारी करूनच गेले होते.

“मला माहितीये,” आई म्हणाली. “त्याच दिवशी माहिती होतं.”

मी खुर्चीत बसले. एवढ्या वर्षांत मी हजार कारणं शोधली होती, हे एक त्यात नव्हतं. आईनं वाटी बाजूला सरकवली आणि मला बजावलं की रजिस्टरला इतक्यात हात लावायचा नाही. आधी ती आत्याला भेटणार, स्वतःच्या तोंडानं सांगणार, आणि मग मी काय दुरुस्ती करायची ती करायची. पंचाहत्तरी उलटलेल्या बाईनं हे इतकं सरळ सांगितलं की मला रागावताही येईना. तिनं एकच अट घातली. आत्या आपल्याला दारात उभं करेल की नाही, ते मी आधी जाऊन बघून यावं.

म्हणून तिच्या शाळेतून पत्ता काढून एका रविवारी दुपारी मी एकटीच गेले. दार आत्याच्या यजमानांनी उघडलं. उंच, वाकलेले, बोटांना अजून रंग. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि आत न्यायच्या आधी तिथेच चपलांपाशी उभं राहून हळू आवाजात सगळं सांगितलं. तीन वर्षांपासून आत्याचं विसरणं सुरू झालं होतं. आधी काल-परवाचं गेलं, मग मागची दहा वर्षं, मग आणखी मागची. आता तिला संस्था आठवते, आमचं जुनं घर आठवतं, भाऊ आठवतो, वहिनी आठवते. त्यापुढचं नाही. शाळा नाही, हे घर नाही.

“मी त्याच्याही पुढचा,” ते म्हणाले. “मला रोज सकाळी नव्यानं ओळख करून द्यावी लागते. रंगारी आहे म्हणून सांगतो. भिंती रंगवायला आलोय असं वाटतं तिला, पण वागते छान.”

आत्या गॅलरीत बसली होती. केस पांढरे, चेहरा तोच. मी समोर स्टुलावर बसले तर तिनं मला ‘अहो’ म्हटलं, चहा घेणार का विचारलं आणि तुम्ही संस्थेतून आलात का म्हणाली. मी हो म्हटलं, ते खोटंही नव्हतं. मग ती घड्याळाकडे बघून जरा अस्वस्थ झाली. आमची ढेकूळ शाळेतून यायची वेळ झाली, टेबलाखाली बसते, तिला खायला द्यायला हवं, असं मलाच सांगायला लागली. मी तिला सांगितलं की ढेकळाला खायला दिलंय, ती मजेत आहे. त्यावर तिचं समाधान झालं. माझं व्हायला फार वेळ लागला. बसमध्ये सगळ्यांदेखत रडले, आणि शेजारच्या बाईनं न विचारता मला तिची खिडकीची जागा दिली.

हे आईला सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. सांगू नये असंही वाटून गेलं. पण मोजणीवाल्याच्या घरात आकडा लपवून चालत नाही. मी सगळं सांगितलं, भांडणाचं आत्याला काहीच आठवत नाही, तिच्या लेखी ते झालेलंच नाही, हेही सांगितलं. म्हटलं, आता जाऊन काय उपयोग? तिला कशाला त्रास?

“तिला आठवत नसेल,” आई म्हणाली. “मला आठवतंय ना. चल.”

पुढच्या गुरुवारी आम्ही गेलो. आई इस्त्रीची साडी नेसली होती, आणि रिक्षात ती सबंध वेळ ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होती. मी ऐकायचा प्रयत्न केला नाही. जिन्यावर तिला धाप लागली म्हणून मध्ये थांबलो, तर मला म्हणाली, सतरा झाल्या, अजून किती आहेत बघ. उरल्या होत्या अकरा.

आत्यानं तिला लगेच ओळखलं. खुर्चीतून अर्धवट उठली, “वहिनी, आज उशीर केलास,” म्हणाली, आणि लगेच आईचे केस किती पिकले म्हणून तिच्यावर उखडली. स्वतःकडे बघत नाहीस, भावाला सांगते आता, वगैरे. भाऊ गेल्याचं तिला आठवत नव्हतं आणि आम्ही सांगितलं नाही. आई शेजारी बसली. आत्यानं तिचा हात हातात घेतला, उलटा करून नखं बघितली आणि एवढी स्वच्छ कशी म्हणून हसली. त्या दोघींची नखं पूर्वी कायम चिखलानं काळी असायची. दोघी अगदी जवळ जवळ बसल्या होत्या. एकतीस वर्षं मी हेच मागत होते. आता ते समोर होतं.

मग आईनं सुरुवात केली. वरचं तळं, राखाडी पट्टा, सव्वीस वर्षं. आत्या मान डोलवत ऐकत होती, मध्ये मध्ये बरोबर, अगदी बरोबर, असं म्हणत होती. मोजणीतलं तिला सगळं कळत होतं. मुकी वर्षं म्हटल्यावर तिनं तर हाताची दोन बोटं जुळवून पट्टा केवढा असेल ते दाखवलं. आईनं सांगितलं की त्या वेळी मोजणाऱ्या एका मुलीनं दुसरं रजिस्टर पाहिलं आणि विश्वासानं घरी सांगितलं. आणि ज्या बाईला सांगितलं तिनं जाऊन साहेबांच्या कानावर घातलं. मुलीची नोकरी गेली.

आत्याचा चेहरा कडवट झाला. विश्वासानं सांगितलेलं असं साहेबांकडे न्यायचं म्हणजे काय, असं म्हणून तिनं त्या बाईचा चांगला उद्धार केला. ही संस्थेतली कोण, हेही विचारलं.

“मी,” आई म्हणाली. “मी सांगितलं, आणि तुझंच नाव सांगितलं. नियमासाठी नाही गं सांगितलं. मी पट्टा पाहिला, तू बरोबर होतीस, मला दिसलं. सगळे तुला भिंग म्हणायचे. तू बरोबर होतीस म्हणून सांगितलं मी.”

दारात यजमान चहाचा ट्रे घेऊन तिथेच थांबले. आत्या आईकडे टक लावून बघत होती, भिंगातून थराकडे बघायची तशी. माझी खात्री झाली की आता तिला आठवणार. मला ते हवं होतं की नको होतं, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

आत्या हसायला लागली. आईच्या हातावर थोपटत माझ्याकडे वळून म्हणाली, “अहो, आमची वहिनी अशीच आहे. दुसऱ्याचं केलेलं स्वतःवर ओढून घेते. ती असं करणं शक्य नाही. मी ओळखते ना तिला.”

आईनं पुन्हा सांगितलं. मीच गं, खरंच मी. आत्या म्हणाली, पुरे आता, चहा घे, निवेल. आणि तिच्या बशीत स्वतः चहा ओतून दिला. आई तो प्यायली. परतताना रिक्षात ती काही घोकत नव्हती. घर आलं तेव्हा एवढंच म्हणाली की ती ओरडली असती, दारातून हाकललं असतं, तर आज झोप लागली असती.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टरची दुरुस्ती केली. चारशे बारा एका रेघेनं खोडलं, वर चारशे अडतीस लिहिलं, खाली सही केली. मोजणाऱ्यांच्या रकान्यात आत्याचं नाव आईच्या नावाच्या वर घातलं. नव्या इमारतीत पेटी त्याच नोंदीसह गेली. कामाचं काम तिथे संपलं.

आई मात्र अजून दर गुरुवारी जाते. आता मी सोबत नसले तरी जाते, जिन्यावर मध्ये थांबते आणि वर पोहोचते. दर वेळी चहा यायच्या आधी ती सगळं पहिल्यापासून सांगते, काही गाळत नाही. आत्या दर वेळी नव्यानं ऐकते, त्या बाईवर मनापासून चिडते, आणि अजून एकदाही तिनं आईवर विश्वास ठेवलेला नाही.